पॅनेलवरची लाल पाटी

ती लाल पाटी आजही आठवते. हाताच्या पंजाएवढी, पत्र्याची, वरच्या भोकातून तार ओवलेली. नोकरीत मी चाकू पाहिले, कट्टे पाहिले, विहिरीतून काढलेली माणसं पाहिली. निवृत्त होऊन दुर्गजवळ बोरसीला घर बांधलं तेव्हा त्यातलं बरंचसं विसरायला झालं. ही पाटी मात्र विसरता येत नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच आज लिहायला बसलो आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती मंडळी इथेच राहतात, बाजारात भेटतात, नमस्कार करतात.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे टीआय म्हणतात. नाताळच्या सुट्ट्या लागल्या होत्या. गावाबाहेरच्या एका मनोरंजन पार्कात झुले, बोटिंग, खाण्याच्या टपऱ्या, सगळीकडे माणसंच माणसं. अशा दिवसांत ठाण्याला मोबाईल हरवला, पर्स मारली, नवरा-बायकोचं जुंपलं, याच तक्रारी येतात. दुपारी बाराच्या सुमारास पार्कच्या मॅनेजरचा फोन आला की एक वयस्कर गृहस्थ सकाळपासून सापडत नाहीत. अडुसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस तीन तास दिसला नाही, म्हणून कोणताही ठाणेदार खुर्ची सोडत नाही. मीही सोडली नसती. पण मॅनेजरने फोन त्यांच्या बायकोच्या हातात दिला आणि ती म्हणाली, “भाऊ, तुमी मराठी हाव म्हणते. या न जरा इकडं. मले काही सुचून नाही राहिलं.”

माझं घराणं दुर्गचं, तीन पिढ्यांपासूनचं. तरी नागपूरकडचा हा आवाज कानावर पडला की मी जरा मऊ पडतो. मी प्रधान आरक्षक, म्हणजे आमचा हवालदार, आणि दोन शिपाई घेऊन निघालो.

हरवलेले गृहस्थ भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, म्हणजे प्लांटमधून, निवृत्त झालेले फोरमन. प्लांटच्या आत स्वतःची रेल्वे असते, तिच्या इंजिनांच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांना इथे फोरमनच म्हणतो. त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच सहा-सात मराठी निवृत्तांनी मिळून छोट्या रेल्वेचा क्लब काढला होता. बोटभर रूळ, वीतभर डबे, सिग्नल, पूल, सगळं घरी बसून हाताने केलेलं. सुट्ट्यांमध्ये पार्कवाले त्यांना एक हॉल द्यायचे आणि पोरंसोरं दोरीला लटकून तासन् तास गाड्या बघायची. म्हातारे मात्र तो खेळ मानत नसत. हजेरीचं रजिस्टर होतं, पाळ्या लावलेल्या होत्या, सगळ्यांना लालसर जॅकेटं होती, आणि पाळी बदलताना चार्ज देणं-घेणंही व्हायचं. मला आधी हसू आलं होतं हे कबूल करतो.

फोरमनच्या बायको, काकू, हॉलच्या बाहेर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून रोज साडेअकराला ऑटोने डबा आणायच्या. आज आल्या तर नवरा जागेवर नाही. क्लबवाल्यांनी सांगितलं की ते घरी गेले. पण काकू घरूनच आल्या होत्या. मग त्यांनी स्टँडवर जाऊन पाहिलं, तर स्कूटर तिथेच, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मोबाईल ते कधीच बरोबर ठेवत नसत. कामाच्या जागी फोन नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

मी विचारलं, घरात काही बोलणं झालं होतं का. काकू बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “रात्री यायनं म्हटलं, आता माझा हात काही कामाचा नाही राहिला. मी म्हटलं, वय झालं, होते असं. तर भिंतीकडं तोंड करून झोपले.”

पोलिसाच्या कानाला हे वाक्य चांगलं वाटत नाही. पार्कातलं बोटिंगचं तळं हॉलपासून शंभर पावलांवर होतं.

आत गेलो. हॉल मोठा, मध्ये यू आकारात मांडलेली टेबलं, त्यांना जमिनीपर्यंत निळ्या कापडाची झालर. मागच्या भिंतीला टेकवून एक डोंगर उभा केलेला, जमिनीपासून छातीभर उंचीचा, प्लास्टरचा, हिरवा-करडा रंगवलेला. गाडी एका बोगद्यातून आत शिरायची, दुसऱ्यातून बाहेर यायची. डोंगर या वर्षी नवा होता आणि सगळे त्याचंच कौतुक सांगत होते. गाड्या मात्र उभ्या होत्या. पोरं कंटाळून परत चालली होती. बाहेर कर्ण्यावर गाणी इतकी मोठ्याने लागली होती की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं.

एका कोपऱ्यात विजेचं पॅनेल होतं. त्याच्या मुख्य बटणाला ती लाल पाटी तारेने बांधलेली. वर छापलेलं, ‘आदमी काम पर है’. खाली पेनाने फोरमनचं नाव आणि वेळ, आठ पन्नास. अक्षर वाकडंतिकडं, ओळीतून घसरलेलं. मी डायरीत नोंद केली, बारा वीसला. अक्षरावरून पाटी रागाच्या भरात लिहिलेली दिसते, असंही पुढे लिहिलं. इतकी वर्षं माणसांची अक्षरं वाचत आलो होतो, त्याचा तो अहंकार होता.

क्लबवाल्यांना पाटीबद्दल विचारलं. एकाने सांगितलं की फोरमन असंच करतात. मागच्या वर्षी कोणत्या गाडीला आधी सोडायचं यावरून बिनसलं, तेव्हा पाटी लावून घरी निघून गेले. दिवसभर सगळं बंद. संध्याकाळी सगळे त्यांच्या घरी गेले, पाया पडण्याचंच बाकी होतं, तेव्हा येऊन त्यांनी पाटी काढली. आज सकाळी दहाला बाकीचे आले तर पाटी लागलेली आणि माणूस नाही. सगळ्यांनी समजून घेतलं की साहेब पुन्हा रुसले. मी म्हटलं, मग तुम्हीच काढायची आणि गाडी सुरू करायची, पोरं थांबली आहेत. त्यावर ते सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चपला घालून देवघरात शिरलो आहे. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची, एवढंच एक जण म्हणाला. म्हाताऱ्यांचं खूळ, असं समजून मी पुढे गेलो.

शिपायांनी सगळ्या टेबलांची झालर उचलून टॉर्च मारला. संडास, गोदाम, जनरेटरची खोली, उपाहारगृहाचं मागचं अंगण, सगळं पाहिलं. बोटी थांबवल्या, पोहणारे दोघे बोलावले. पोरांचा गलका, काठावर जमलेली गर्दी, आणि त्या गर्दीत डबा धरून उभ्या काकू. मी त्यांना आत बसायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कामात आणखी काम शोधत होतो.

तसं शोधताना एक गोष्ट हाती लागली. हॉलच्या दाराशी काचेची एक पेटी होती, ती रिकामी. त्यात पितळेचं एक इंजिन असायचं, फोरमननी कितीतरी वर्षं खपून केलेलं. सकाळपासून ते नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी लगेच माझ्या दोन-तीन मुखबिरांना, म्हणजे खबऱ्यांना, फोन लावले. त्यातला एक भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात पानठेला चालवायचा. पंधरा मिनिटांत त्याचा उलटा फोन आला. “साहब, सुबह नौ बजे के आसपास एक बुजुर्ग इधर आया था, लाल जॅकेट पहन के. अखबार में कुछ पीतल का लपेट रखा था. खराद वालों की गली में घुसा.” म्हणजे लेथवाल्यांच्या गल्लीत.

फोरमनची स्कूटर जागेवरच होती, म्हणजे हा दुसरा कोणी लाल जॅकेटवाला, आणि नऊला त्या गल्लीत गेलेला माणूस शोधायला वेळ लागला नाही. तो फोरमनचा सर्वांत जुना मित्र निघाला. प्लांटच्या रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल पाडण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती. मघाशी मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं की तो घरून थेट साडेदहाला आला. म्हणजे खोटं बोलला होता. त्यातच तिकीट खिडकीवरची बाई म्हणाली की सकाळी साडेआठला या दोघांचा हॉलमध्ये आवाज चढला होता. मला आणखी काय पाहिजे होतं. मी त्याला गाडीत बसवलं आणि ठाण्यात आणलं. तेव्हा एक वाजला होता.

चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला पाणी द्यायचं, चहा द्यायचा आणि अर्धा तास काहीही विचारायचं नाही. आपण आपलं रजिस्टर चाळत बसायचं. अपराधी माणूस दाराकडे बघतो, निरपराध माणूस घड्याळाकडे. हा मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होता. उजवा हात उघडायचा, मिटायचा. मला वाटलं, याच हाताने काही केलं आहे.

त्या अर्ध्या तासात तळ्यावरून दोनदा फोन आला. प्रधान आरक्षक छत्तीसगढी माणूस, त्याचं एकच उत्तर. “पानी म कुछु नइ मिलिस साहब.” मी म्हणायचो, पुन्हा बघा.

दीडला मी सुरुवात केली. इंजिन कुठे आहे, नऊला कुठे होता, खोटं का बोलला. तो काही सांगेना. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला, तेही सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. सत्तरीच्या माणसाला मी म्हणालो की तळ्यातून प्रेत निघालं तर पहिलं नाव तुमचं लिहीन. असा तासभर गेला. शेवटी मी हरलो आणि खुर्चीत मागे टेकलो. म्हणालो, “काका, त्यांची बायको तळ्याच्या काठावर उभी आहे. डबा घेऊन.”

तेव्हा तो फुटला.

“त्याचा हात गेला साहेब,” तो म्हणाला. “सहा महिन्यांपासून कापते. कोणाले सांगू नको म्हणे, शपथ घातली मले. इंजिनाचं चाक घासलं होतं, त्याच्यानं खराद धरवत नाही. मी म्हटलं, गुपचूप करून आणतो अन् पेटीत ठेवून देतो. त्याले वाटलं पायजे की चाक ठीकच होतं. इंजिन त्या खरादवाल्याकडंच आहे, जाऊन पाहा.”

“मग सकाळचं भांडण कशाचं?”

“सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप सुटला. उचलाले गेला तर उचलता नाही आला. मी म्हटलं, आज तू पॅनेलवर नको बसू, घरी जा. तर माझ्यावरच चिडला. मले म्हणे, तू निघ इथून. मी निघालो. इंजिन उचललं अन् निघालो.” मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “थांबाले पायजे होतं मी.”

ही सगळी गोष्ट मैत्रीची होती आणि मी त्यात खून शोधत बसलो होतो. मला स्वतःचाच राग आला, आणि तो मी त्याच्यावरच काढला. विचारलं, माणूस आजारी आहे हे माहीत होतं, तर साडेदहाला परत आल्यावर शोधलं का नाही? म्हणाला, पाटी लागलेली पाहिली, वाटलं माझ्यावर रुसून गेला. मी वैतागून म्हणालो, ती पाटी, ती पाटी, काय आहे एवढं त्या पाटीत, एक जण काढायला तयार नाही?

“नाही काढत साहेब. दुसऱ्याची पाटी मेलो तरी नाही काढत. नोकरीत पहिल्या दिवशी शिकवते आमाले.”

“पण लावता कशाला?”

“माणूस आत गेला की लावते,” तो म्हणाला. रोजचीच गोष्ट असल्यासारखं, सवयीने. “कोणी वरून चालू करू नये म्हणून. बाहेर आला की ज्याची त्यानं काढाची.”

हे बोलून तो थांबला. खोलीत वायरलेसची खरखर चालू होती. त्याने ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, अगदी सावकाश, आणि उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

“साहेब, डोंगर.”

तो डोंगर पोकळ होता. बोगद्यात गाडी रुळावरून घसरली तर आत जाऊन उचलता यावी म्हणून फोरमन आणि हा केबिनवाला, दोघांनी मिळून आतून जागा ठेवली होती, एक स्टूल मावेल एवढी. मागच्या भिंतीच्या बाजूने एक बुटकं दार होतं, पोरं आत घुसू नयेत म्हणून दगडासारखंच रंगवलेलं. हे दार त्या दोघांनाच माहीत होतं. माझ्या शिपायांनी टेबलांखाली टॉर्च मारला होता. डोंगर त्यांनी भरीव समजून सोडला होता. मीही तेच समजून उभा होतो, त्याच्यापासून चार हातांवर.

मी प्रधान आरक्षकाला फोन लावला आणि बंद न करता त्याला तळ्यापासून हॉलपर्यंत पळवत नेलं. फोनमधून त्याच्या धापा ऐकू येत होत्या, मग कर्ण्यावरचं ते गाणं, मग हॉलमधला गोंधळ. दार सापडेना. केबिनवाल्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि ओरडून सांगितलं, खालून डाव्या कोपऱ्याला दाब, आत ढकल. मग लाकूड करकरल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. आम्ही दोघं त्या एका फोनला कान लावून उभे होतो. मी तोपर्यंत कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं ठाण्यात. त्या दिवशी घेतलं.

“हावय साहब,” प्रधान आरक्षक म्हणाला. “सांस चलत हे.”

फोरमन स्टुलावरून घसरून डोंगराच्या आतल्या बाजूला पडले होते. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, डोळे उघडे. शुद्ध पूर्ण गेलेली नव्हती, हे नंतर कळलं. त्यांना आमचे आवाज येत होते. झालर उचलून टॉर्च मारताना शिपाई बोलत होते, मी क्लबवाल्यांना पाटीबद्दल विचारत होतो, ते सगळं. त्यांना आवाज देता येत नव्हता, आणि दिला असता तरी त्या गाण्यांत कोणाला ऐकू आला नसता.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की जीव वाचेल, हात आणि बोलणं किती परत येईल सांगता येत नाही. पक्षाघातात पहिले चार-साडेचार तास मोलाचे असतात, तेवढ्यात आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. मी तिथेच बाकावर बसून हिशोब केला. पाटीवरची वेळ आठ पन्नास. माझ्या डायरीतली नोंद बारा वीस. म्हणजे मी ती पाटी वाचली तेव्हा तासभर हातात होता. काकू समोरच बसल्या होत्या, डबा अजून तसाच बंद. मी त्यांना हा हिशोब सांगितला नाही. तेवढी हिंमत मला झाली नाही, अजूनही झालेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं. गुन्हा नाही, आरोपी नाही. ठाण्याच्या रोजनामच्यात चार ओळी लिहिल्या, वरिष्ठांनी शाबासकी दिली की माणूस जिवंत काढला. केबिनवाल्या काकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, “तुमी विचारलं म्हणून तर माया तोंडून निघालं साहेब.” माणसं मोठ्या मनाची असतात, आणि त्याचा आपल्याला जास्त त्रास होतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की आपण पोलीस लपवलेलं शोधायला शिकतो. कोण खोटं बोलतो, कोणाचा हात कापतो, कोणाची पेटी रिकामी आहे. उघडपणे लिहून ठेवलेलं खरं असू शकतं, हे आपल्याला सुचतच नाही. त्या म्हाताऱ्यांनी पाटीचा मान इतका राखला की तिला हात लावला नाही, पण वाचली त्यांनीही नाही. मी वाचली, चार शब्दांची नोंदही केली, आणि अक्षर वाकडं का आहे याचा तर्क लढवत बसलो. माणूस कामावर आहे, असं पाटी सांगत होती. तो कुठे आहे, एवढं एकच मला विचारायचं होतं. त्यानंतर माझ्या ठाण्यात पंचनामा झाला की मी शिपायाकडून तो मोठ्याने वाचून घ्यायचो आणि प्रत्येक ओळीला विचारायचो, हे खरं असेल तर काय? पोरं पाठीमागे हसायची. हसू दे म्हटलं.

एक गोष्ट राहिली. सुट्ट्या संपल्यावर हॉल रिकामा करायचा होता. क्लबवाल्यांनी रूळ उचलले, डोंगर तोडला, टेबलं परत केली. पॅनेल मात्र पाटीसकट जसंच्या तसं सेक्टर दोनमधल्या एका गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. दीड-दोन महिन्यांनी मला निरोप आला की या. गेलो तर सगळे जॅकेटं घालून उभे. फोरमनना चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला. केबिनवाल्यांनी पॅनेल त्यांच्यासमोर धरलं.

डाव्या हाताने तारेचा पीळ उलगडायला त्यांना फार वेळ लागला. तार हातातून निसटायची, ते पुन्हा धरायचे. काकू दोन वेळा पुढे झाल्या आणि दोन्ही वेळा थांबल्या. कोणीही मदत केली नाही. मी पोलिसातला माणूस, पण माझे डोळे भरून आले होते. शेवटी पाटी सुटली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जड जिभेने, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, “आलो बाहेर.”

त्यांची पाटी त्या दिवशी निघाली. माझ्या डायरीतली बारा वीसची नोंद मात्र माझ्याच अक्षरात आहे, सरळ आणि स्वच्छ, खाली माझी सही.